व्हिडिओऐवजी घरातल्या चुली मोजायला सांगा: समाजशास्त्राच्या तासाला फ्लिप्ड लर्निंग

सर, तुमचा प्रश्न मी असा समजले. जत तालुक्यातल्या महाविद्यालयात तुम्ही तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवता. एका प्रशिक्षणात फ्लिप्ड लर्निंगबद्दल, म्हणजे समजावून सांगण्याचा भाग मुलांनी आधी घरी पाहायचा आणि वर्गातला वेळ सरावाला नि चर्चेला वापरायचा या पद्धतीबद्दल, ऐकलंत आणि बीए भाग दोनच्या ग्रुपवर वीस-पंचवीस मिनिटांचे व्हिडिओ टाकायला लागलात. पाच-सहा मुलं पाहून येतात, बाकीची गप्प बसतात, आणि तुम्हाला तेच सगळं फळ्यावर पुन्हा घ्यावं लागतं. विभागप्रमुख विचारतात, असं केलं तर अभ्यासक्रम कधी संपणार? शेवटी तुम्ही विचारलंय की ही पद्धत आपल्या खेड्यातल्या मुलांना चालते का, की ती शहरातल्या आणि विज्ञान शाखेच्या मुलांचीच आहे.

मी कऱ्हाड भागात बरीच वर्षं हा विषय शिकवते आहे. माझ्या अनुभवाने सांगते, चालते. समाजशास्त्राला तर ती फार शोभते. फक्त मुलांना घरी काय करायला द्यायचं, ते बदलावं लागतं.

मुलं व्हिडिओ पाहत नाहीत, एवढ्यावर थांबू नका. त्यांनी तो का पाहावा, हे त्यांच्या जागी बसून बघा. व्हिडिओत जे आहे तेच तुम्ही वर्गात सांगणार हे त्यांना दोन-तीन तासांतच कळलंय. शिवाय तो पाहिल्याशिवाय अडेल असं काहीच वर्गात घडत नाही. म्हणजे न पाहणाऱ्याचं काही बिघडत नाही आणि पाहणाऱ्याला तेच दुसऱ्यांदा ऐकावं लागतं. मुलांनी काढलेला निष्कर्ष व्यवहाराला धरूनच आहे.

ही पद्धत कुठून आली ते थोडं सांगते, कारण आपली अडचण तिथेच उलगडते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क गावी जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोन रसायनशास्त्राचे शिक्षक होते. शाळा डोंगराळ भागात, खेळाच्या सामन्यांना लांब जावं लागे, त्यामुळे मुलांचे तास बुडत. २००७ च्या सुमारास त्यांनी धडे रेकॉर्ड करून द्यायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आलं की समजावून सांगण्याचा भाग घरी ऐकता येतो, तर वर्गातला वेळ गणितं सोडवायला वापरता येईल. रसायनशास्त्रात मुलगा गणित सोडवताना अडतो, आणि नेमका त्या वेळी तो घरी एकटा असतो. त्यांनी ती वेळ वर्गात आणली.

आता आपल्या विषयाकडे बघा. समाजशास्त्राचा विद्यार्थी कुठे अडतो? व्याख्येत नाही अडत, व्याख्या तो परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. तो दोन ठिकाणी अडतो. 'कुटुंब ही सामाजिक संस्था आहे' हे वाक्य आणि आपल्या घरात भावाभावांत चाललेला बांधाचा वाद यांचा काही संबंध आहे, हेच त्याला दिसत नाही. दुसरं असं की जात, लग्न, सुना, शहरातली माणसं, या प्रत्येकाबद्दल त्याचं मत आधीच पक्कं असतं आणि ते त्याला ज्ञान वाटतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये समाजशास्त्रीय दृष्टीबद्दल जे मांडलं, ते हेच: एका माणसाची खासगी अडचण आणि समाजाचा सार्वजनिक प्रश्न यांच्यातला धागा दिसणं. हा धागा घरी एकट्याने व्हिडिओ पाहून दिसत नाही. एका घरात एकच घर दिसतं. साठ घरं शेजारी ठेवली की धागा दिसायला लागतो, आणि साठ घरं एकत्र येतात ती फक्त तुमच्या वर्गात.

म्हणून माझा नियम साधा आहे. मुलांनी घरून माहिती आणायची, वर्गात तिची तुलना करायची, आणि व्याख्यान सगळ्यांत शेवटी.

एक घटक सविस्तर सांगते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल: संयुक्त कुटुंब. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये केलेली व्याख्या तुम्ही शिकवत असालच: साधारणपणे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर शिजलेलं खाणारी, सामाईक मालमत्ता असणारी, एकत्र पूजाअर्चा करणारी आणि एकमेकांशी विशिष्ट नात्याने बांधलेली माणसं. मी ही व्याख्या आधी सांगत नाही. आदल्या तासाला एक छापील कागद देते. त्यावर चार रकाने असतात: छप्पर, चूल, मालमत्ता, देव. सूचना एवढीच, की 'आमच्या घरातले' असं तुम्ही ज्यांना म्हणता, त्या प्रत्येकाचं नातं लिहा, नाव लिहू नका. मग प्रत्येकापुढे खूण करा. हा माणूस आपल्याच छपराखाली राहतो का? आपल्याच चुलीवरचं जेवतो का? सातबाऱ्यावर नाव सामाईक आहे का? गावच्या जत्रेला किंवा उरुसाला नैवेद्य एकत्र असतो का? ज्यांना जमीन नाही त्यांनी राहतं घर किंवा कर्ज धरायचं, कारण कर्जही सामाईक असतं आणि घरात त्याचा हिशेब पक्का असतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे बहुतेक मुलांना माहीत नसतं, त्यांना घरी विचारावंच लागतं. ते विचारणं हाच अभ्यास आहे.

तुमच्याकडे जतच्या पूर्व भागातली मुलं घरी कन्नड बोलतात. मराठीतलं पंचवीस मिनिटांचं व्याख्यान त्यांना जड जातं, पण आजीला घरच्या भाषेत विचारून चार रकाने भरायला काहीच अडचण येत नाही. खरं तर ती मुलं जास्त तपशील घेऊन येतात.

दुसऱ्या दिवशी पाच-पाच जणांचे गट करते आणि एकच काम देते: जिथे रकाने एकमेकांशी जुळत नाहीत अशी माणसं शोधा. मग फळा भरायला लागतो. चुलते मुंबईत माथाडी कामाला, छप्पर वेगळं, चूल वेगळी, पण सातबाऱ्यावर नाव आहे आणि जत्रेला नैवेद्य एकत्र. विटा-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली कुटुंबं तर अख्खीच्या अख्खी दक्षिणेतल्या किंवा उत्तरेतल्या कुठल्या तरी शहरात असतात, गावच्या घराला वर्षभर कुलूप, आणि तरी जत्रेला सगळे हजर. उलट एखाद्या वाड्यात छप्पर एकच, मधे भिंत, चुली दोन, आणि आजी एक महिना या मुलाकडे, एक महिना त्या मुलाकडे जेवते. आजी कुठल्या कुटुंबात धरायची? हा प्रश्न आला की वर्ग जागा होतो.

मुलींच्या कागदावर हमखास आत्या येते, लग्न होऊन गेलेली. मग कुणीतरी सांगतं, आत्याने हक्कसोड करून दिलंय. तिथे मी थांबते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, मग आत्या हक्कसोड का करते? माहेर तुटू नये म्हणून, भावाने दिवाळीला बोलवावं म्हणून, रीतच आहे म्हणून. कारणं मुलंच सांगतात. कायदा आणि लोकरीत यांच्यातलं अंतर मी कितीही चांगलं व्याख्यान दिलं तरी इतकं पोचलं नसतं.

इथे एरिक मझूर यांची एक युक्ती फार उपयोगी पडते. ते हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवत. १९९० च्या दशकात त्यांनी अशी पद्धत रुजवली की संकल्पनेवर एक प्रश्न टाकायचा, मुलांनी आपापलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा मत द्यायचं. मी विचारते: नवरा मुंबईत, बायको-मुलं सासू-सासऱ्यांजवळ गावात, जमीन सामाईक, नवरा दरमहा पैसे पाठवतो. हे कुटुंब संयुक्त की विभक्त? हात वर करून मत. मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा हात वर. या प्रश्नाला बरोबर-चूक असं एक उत्तर नाही, आणि कुठल्या कसोटीवर आपण बोलतोय हे सांगितल्याशिवाय वाद मिटत नाही, हे मुलांना वाद घालतानाच उमगतं.

मग शेवटची पंधरा मिनिटं माझी. त्या वेळी कर्वे यांची व्याख्या सांगते. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावाच्या अभ्यासात, १९६४ मध्ये, राहण्यावरून कुटुंब ठरवू नका, नातेसंबंध आणि व्यवहार बघा असं का म्हटलं ते सांगते. ए. एम. शहा यांनी घर आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या का ठेवल्या तेही. ही नावं एरवी मुलांना परीक्षेपुरती वाटतात. पण तासभर आजी कुठे धरायची यावर भांडल्यानंतर, हाच पेच अभ्यासकांनाही पडला होता हे ऐकताना त्यांचे चेहरे वेगळे असतात.

आता सगळ्यांत नाजूक भाग, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. जात शिकवताना हीच रीत जशीच्या तशी वापरू नका. 'तुमच्या घरात जात कशी पाळतात ते लिहून आणा' असं काम देऊ नका. वर्गात सगळ्या जातींची मुलं एका बाकावर बसलेली असतात. असं काम दिलं की कुणाला अपमान पुन्हा उगाळावा लागतो, कुणाला घरचं झाकावं लागतं, आणि तास संपल्यावर एसटी स्टँडवर त्याचे पडसाद उमटतात. घरची माहिती आणायला सांगताना ती कुणाला उघडं पाडणार नाही, ही जबाबदारी शिक्षकाची आहे. म्हणून जातीसाठी मी सार्वजनिक साहित्य वापरते. रविवारच्या वर्तमानपत्रातलं वधू-वर पान आणायला सांगते. प्रत्येकाने वीस जाहिराती वाचायच्या आणि कशाचा उल्लेख आधी येतो ते टिपायचं: जात, पोटजात, शिक्षण, नोकरी, जमीन, रंग. 'जातीची अट नाही' असं किती जण लिहितात आणि ते कुठल्या प्रकारच्या जाहिरातीत, तेही बघायचं. पहिलं लग्न की दुसरं, हे तपासायला सांगितलं की मुलं स्वतःच बोलू लागतात.

त्यानंतर आंबेडकरांचा निबंध. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी तो वाचला. जातीच्या मुळाशी अंतर्विवाह आहे, जातीतच लग्न करण्याच्या बंधनाने जात टिकते, हा त्यातला गाभा. साताऱ्याच्या शाळेत भीमराव ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झाले आणि तो दिवस आपल्याकडे विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, हे बऱ्याच मुलांना माहीत असतं. भाषणं त्यांनी ऐकलेली असतात. पण त्याच विद्यार्थ्याने पंचविशीत समाजशास्त्रातला इतका पायाभूत निबंध लिहिला, हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. वधू-वर पान समोर ठेवून तो युक्तिवाद वाचला की शंभर वर्षांपूर्वीचं लिखाण आजचं वाटतं, आणि कुणाच्याही घरात डोकवावं लागत नाही.

काही घटक मी उलटवतच नाही, म्हणजे या पद्धतीने घेतच नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांचा आत्महत्येवरचा १८९७ चा अभ्यास हा त्यातला एक. आपल्या दुष्काळी पट्ट्यात वर्गात बसलेल्या कुणाच्या घरात काय घडून गेलंय, आपल्याला माहीत नसतं. तो घटक मी पूर्ण वर्गात, माझ्या आवाजात, सावकाश शिकवते, घरी काहीही देत नाही. तसंच अगदी नव्या परिभाषेचे सैद्धांतिक घटक, उदाहरणार्थ अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्स यांचा सिद्धांत, तिथे आधी व्याख्यानच लागतं. संस्कृतीकरण, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या मानलेल्या जातींच्या रीतीभाती उचलणं, मात्र छान उलटवता येतं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गच्या अभ्यासात १९५२ मध्ये मांडलेली संकल्पना आपल्याकडच्या लग्नपत्रिकांवरून सहज पकडता येते. आजोबांच्या काळची पत्रिका आणि आजची, एवढंच आणायला सांगायचं.

मोबाइलबद्दल. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. तुमच्या वर्गात किती मुलींकडे स्वतःचा फोन आहे हे आधी शांतपणे बघा. कित्येक घरांत फोन भावाचा किंवा वडिलांचा असतो आणि तो हातात मिळायला रात्रीचे नऊ वाजतात. मोबाइलबद्दल गावांची मतंही बदलत आहेत. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसायचं, असा निर्णय झाला. अशा गावातल्या मुलाला त्याच वेळेत व्हिडिओ बघ म्हणणं बरं नाही. म्हणून माझा भर कागदावर. एका पानाची झेरॉक्स प्रत सगळ्यांच्या खिशात बसते. काही ऐकवायचंच असेल तर पाच मिनिटांचा ऑडिओ, स्वतःच्या आवाजात, साध्या बोलीत. तो एसटीत बसल्या बसल्या ऐकता येतो, डेटा कमी लागतो, आणि आपल्या सरांचा आवाज ऐकायला मुलांना आवडतं. अनोळखी माणसाच्या शहरी मराठीतला व्हिडिओ त्यांना परका वाटतो.

तरीही काही मुलं कागद कोरा घेऊन येतील. छाटणीचे दिवस असतील, पोलीस भरतीचा सराव असेल, ऊसतोडीला घर बाहेर गेलेलं असेल. त्यांच्यासाठी तुम्ही पुन्हा शिकवायला लागलात तर सगळी पद्धत त्याच दिवशी संपते. मी त्यांना रागवत नाही आणि बाहेरही काढत नाही. मागच्या बाकांवर बसून पहिल्या दहा मिनिटांत स्वतःच्या आठवणीतून कागद भरायला लावते, मग गटात पाठवते. अर्धवट कागदही गटाला चालतो. पण फळा भरत असताना आपलं घर त्यावर नाही, हे त्यांना जाणवतं, आणि पुढच्या वेळी बरीच मुलं काहीतरी घेऊन येतात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुमच्या हातात असतील तर या कागदांना थोडे गुण ठेवा. नसतील तर निदान प्रत्येक कागद वाचून त्यावर एक ओळ लिहा आणि परत द्या. शिक्षक वाचतो हे कळलं की मुलं लिहितात.

विभागप्रमुखांचं म्हणणंही चुकीचं नाही. सेमिस्टर लहान असतं, त्यात सुट्ट्या, युवा महोत्सव, निवडणुकीची कामं. सगळा अभ्यासक्रम या पद्धतीने घेऊ नका. एका सेमिस्टरला दोन किंवा तीन घटक निवडा, ज्यांची सामग्री मुलांच्या घरात आणि गावात सहज सापडते: कुटुंब, विवाह, स्थलांतर, ग्रामीण बदल. बाकीचं नेहमीच्या पद्धतीने शिकवा, त्यात कमीपणा नाही. परीक्षेची भीती मुलांनाही असते. चर्चा झाली पण नोट्स मिळाल्या नाहीत, अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात येईल. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत फळ्यावरच्याच उदाहरणांतून दहा गुणांच्या उत्तराचा सांगाडा लिहून घ्या: व्याख्या, कसोट्या, दोन अभ्यासकांची मतं, स्वतःच्या गावातलं एक उदाहरण, निष्कर्ष. हे उत्तर मुलांनी स्वतः जोडलेलं असतं म्हणून लक्षात राहतं, आणि तपासणाऱ्यालाही साठ उत्तरपत्रिकांमध्ये तीच ती वाक्यं वाचावी लागत नाहीत.

तासिका तत्त्वावर असल्यामुळे तुम्हाला एक काळजी जास्त आहे, तुम्ही ती स्पष्ट लिहिली नसली तरी मला ती दिसते. वर्गात गोंगाट ऐकून कुणी येऊन बघितलं तर 'सर शिकवत नाहीत' असं म्हटलं जाईल, आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकीवर त्याचा परिणाम होईल. त्यासाठी सुरू करण्याआधी विभागप्रमुखांना भेटा, रकान्यांचा कागद दाखवा आणि एका घटकापुरती परवानगी मागा. शैक्षणिक दैनंदिनीत घटकाचं नाव, आदल्या दिवशी दिलेलं काम, वर्गातला उपक्रम आणि शेवटच्या व्याख्यानाचे मुद्दे, असं चार ओळींत रोज लिहा. मुलांचे भरलेले कागद एका फाइलमध्ये ठेवा. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या वेळी अध्यापनातल्या उपक्रमांचा पुरावा शोधताना विभाग स्वतःहून ती फाइल मागेल. आणि पहिला तास शक्यतो अशा दिवशी घ्या, ज्या दिवशी तुमच्या विषयाला लागून दोन तासिका आहेत, कारण आजी कुठल्या कुटुंबात धरायची हा वाद पन्नास मिनिटांत आटोपत नाही.